चोवीसातले तीन

९ जुलै

ती. मामास,

सा. न. वि. वि. म्हणजे नमस्कार खरा आहे, विनंती मात्र काही नाही. तक्रार आहे.

मासिकात छापून आलेली माझी गोष्ट मी तुम्हाला कौतुकासाठी पाठवली होती. ती एकसष्ट तांबड्या खुणा अंगावर घेऊन परत आली. छापून झालेल्या गोष्टीचं प्रूफ तपासणारा दुसरा माणूस कुठे सापडायचा नाही. आता या खुणांचं मी काय करायचं? अंक घेतलेल्यांच्या घरोघरी जाऊन रबराने खोडत फिरू? ‘आभाळ उदास झाले’ या वाक्याच्या शेजारी तुम्ही ‘कोणाला विचारून?’ असं लिहिलं आहे. ते मी लॅबमध्ये कोणाला दाखवलं नाही. इथे आधीच माझी थट्टा करायला लोक कमी नाहीत.

फोनवर हे भांडण पाच मिनिटांत संपलं असतं. पण छापखान्यातल्या यंत्रांनी तुमचे कान नेले, त्यामुळे मला शाई खर्चावी लागते.

माझं संशोधनाचं दुसरं वर्ष चालू आहे. काम तेच, पिण्याच्या पाण्यातले जंतू मोजायचे. पाण्याचा थेंब प्लेटवर पसरायचा, ती प्लेट उबवायच्या कपाटात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उमटलेले ठिपके एकेक करून मोजायचे. भांडी वाफेवर निर्जंतुक करायला लावली की पाऊण तास नुसतं बसून राहावं लागतं. बाकीचे त्या वेळात एकमेकांच्या गाईडची निंदा करतात. मी वहीच्या मागच्या पानांवर गोष्टी लिहिते, म्हणून मला ‘साहित्यसम्राज्ञी’ म्हणतात. हे नाव पाडणारा आमचा सीनियर स्वतः पगारापासून प्रेमापर्यंत सगळं टक्क्यांत सांगतो. आम्ही त्याला टक्केवारी म्हणतो.

आईचं म्हणणं तुम्हाला ठाऊकच आहे. वॉर्डात ड्यूटीवर असलेल्या नर्सने स्वेटर विणत बसू नये, आणि पदवी हातात येईपर्यंत मी गोष्टी लिहू नयेत. मी तिला म्हटलं की पेशंट झोपलेला असताना विणायला काय हरकत आहे. त्यावर ती दोन दिवस बोलली नाही.

कळावे. तुमचा लोभ आहे असं धरून चालते, पुरावा नसला तरी.

तुमची भाची,
भिंगरी


१७ जुलै

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

छापून झालेली गोष्ट का तपासली, असं विचारतेस. मेलेल्या माणसाचीही तपासणी करतात. त्याला त्याचा उपयोग नसतो, पुढच्याला होतो.

तुझी नायिका पहिल्या पानावर डाव्या हाताने लिहिते आणि चौथ्या पानावर शाई तिच्या उजव्या हाताला लागते. तिचा चुलतभाऊ स्टेशनवर उतरतो, तो घरी पोचतच नाही. बिचारा अजून तिथेच उभा असेल. आणि या सगळ्यावर पांघरूण घालायला तू आभाळाला उदास करतेस. चौतीस वर्षं मी हेच वाचतो आहे. ज्याला पुढे काय झालं ते माहीत नसतं, तो लेखक वर बघतो.

तुझे शास्त्रज्ञही मला ठाऊक आहेत. पाठ्यपुस्तकांची प्रुफं माझ्याच टेबलावर येतात. परवाच वाचलं, ‘पाणी उकळले जात असल्याचे आढळून येते’. पाणी उकळतं, बाई. एवढं सांगायला या विद्वानांना इतकी क्रियापदं लागतात आणि पाणी कोणी उकळलं ते शेवटपर्यंत कळत नाही. म्हणजे एक जमात नसलेलं लिहिते आणि दुसरी असलेलं लपवते. तू दोन्हीकडे नाव नोंदवलं आहेस. धन्य आहे.

तू दोन्हींचा मेळ कसा घालावा, याबद्दल ताईने माझं मत मागितलं होतं. तिला मी कळवलं की पोरीने आधी वाचायला शिकावं. ती रागावली आहे.

इकडे ठीक. लोभ असतोच, तो लिहून दाखवण्याची माझी पद्धत नाही.

तुझा
मामा


२ सप्टेंबर

ती. मामास,

सा. न. या वेळी विनंती आहे, ती शेवटी सांगते.

तुम्ही ज्या दोन जमातींची टवाळी केलीत, त्यांची सोयरीक जुळली आहे. आमच्या सरांनी माझा तिमाही अहवाल वाचला आणि सगळ्यांसमोर म्हणाले की या मुलीचं वाक्य न अडखळता वाचता येतं. मग त्यांनी मला खोलीत बोलावलं. गेल्या दोन वर्षांपासून आमच्याकडे स्वस्त गाळणीचं काम चालू आहे. मातीत लाकडाचा भुसा कालवून तिचं भांडं भाजायचं. भुसा जळून गेला की भांड्याला बारीक भोकं राहतात. पाणी झिरपतं आणि जंतू अडकतात. प्रयोग टक्केवारीचे, पण त्याने लिहिलेला निबंध दोन नियतकालिकांनी परत पाठवला. एका परीक्षकाने तर कळवलं की त्याला मुद्दाच समजला नाही. सर म्हणाले की आता हा तू लिही, लेखकांत तुझं दुसरं नाव घालतो.

मी अकरा दिवसांत लिहून काढला. मामा, इतकी वर्षं मला वाटायचं की माझ्या अंगात दोन भाडेकरू राहतात आणि त्यांचं एकमेकींशी पटत नाही. या अकरा दिवसांत एकदाही भांडण झालं नाही. सरांनी फक्त एक आकडा बदलला आणि टक्केवारीने पहिल्यांदाच माझ्यासाठी चहा आणला. चार शाळांत या गाळण्या बसवूनही झाल्या आहेत. निबंध छापून आला की आणखी दोनशे शाळांत बसवायच्या, असं एका संस्थेने कबूल केलं आहे.

सोबत प्रत पाठवते. विनंती ही, की या खेपेला तांबडं पेन कपाटात ठेवा आणि नुसतं वाचा. शास्त्र तुमच्या डोक्यावरून जाईल, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

कळावे. लोभ वाढवायला जागा आहे, ती भरावी.

तुमची
भिंगरी


११ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

वाचलं. शास्त्र डोक्यावरून गेलं. मनाला लावून घेतलं नाही.

वाक्यं चांगली आहेत. इतकी चांगली आहेत की मला संशय आला. नवा रस्ता गुळगुळीत लागला की त्याखाली काय बुजवलं आहे ते बघावं, एवढं तरी माझ्या धंद्याने शिकवलं आहे. म्हणून मी निबंध शेवटाकडून उलटा वाचला. मी आकडे नेहमी उलटेच वाचतो, म्हणजे वाक्याच्या नादाला लागत नाही.

तिसऱ्या पानावर लिहिलं आहेस की सहा गाळण्या घेतल्या आणि चार आठवडे दर आठवड्याला प्रत्येकीचं पाणी तपासलं. सहा चोक चोवीस. सातव्या पानावरच्या तक्त्यात नमुने एकवीस आहेत. तीन कुठे गेले? की तेही तुझ्या त्या चुलतभावासारखे स्टेशनवर उभे आहेत?

टाइप करताना झालेली चूक असेल तर दुरुस्त कर. निष्काळजीपणा असेल तर लाज बाळग. तिसरं काही असेल तर मला कळव.

‘सातत्याने’ हा शब्द चारदा आला आहे. एकदा पुरे.

तुझा
मामा


१६ सप्टेंबर

ती. मामास,

सा. न.

तुमच्यासारखा वाचक मिळायला भाग्य लागतं, आणि ते माझ्या नशिबात का आलं याचा मी विचार करते आहे.

प्रयोगात काही नमुने वगळावे लागतात. हात लागतो, झाकण उघडं राहतं, प्लेट बिघडते. याला निष्काळजीपणा म्हणत नाहीत, रोजचं काम म्हणतात. दोन वर्षं राबून माणसं गाळणी बनवतात आणि तुम्ही बोटांवर पाढे म्हणून त्यांची परीक्षा घेता. छापखान्यात बसून शास्त्राला तपासता येत नाही, मामा. तुम्ही ‘सातत्याने’ मोजा, ते तुम्हाला छान जमतं.

कळावे. लोभाचं तुम्हीच बघा.

भिंगरी


५ ऑक्टोबर

ती. मामास,

सा. न. वि. वि.

तुम्ही मागच्या पत्राला उत्तर दिलं नाहीत. बरं केलंत.

ते पत्र टाकून आल्यावर मी दोन दिवस फुशारक्या मारल्या. तिसऱ्या दिवशी टक्केवारीची वही काढून बघितली, तुम्हाला एका ओळीत गप्प करावं म्हणून. ते तीन नमुने तिथे आहेत. तिन्ही चौथ्या आठवड्यातले, तीन वेगवेगळ्या गाळण्यांचे. तिन्हींत इतके जंतू आहेत की गाळलेल्या पाण्यापेक्षा न गाळलेलं बरं. त्यांच्यापुढे पेन्सिलने लिहिलं आहे, ‘हाताळताना दूषित’. बाकी सगळी वही पेनाने लिहिलेली आहे.

मी टक्केवारीला विचारलं की तिन्ही प्लेट एकाच दिवशी, एकाच आठवड्यात कशा बिघडल्या. तो म्हणाला की असं बारा टक्के होतंच. मी म्हटलं की चोवीसात तीन म्हणजे साडेबारा होतात. तो हसला आणि म्हणाला की तुझ्या हातात इतकी छान भाषा दिली आहे, ती प्रश्न विचारायला नाही, प्रश्न पडू नयेत म्हणून दिली आहे.

मामा, मला हे वाक्य लागलं, कारण ते खरं होतं. एकवीस आकड्यांवरून मी असा काही हात फिरवला की सरांना, मला स्वतःलासुद्धा खड्डा दिसला नाही.

सहा नव्या गाळण्या मागवल्या आहेत. सरांना सांगितलं की माझ्या कामासाठी हव्यात. सहा आठवडे रोज एक बादली पाणी प्रत्येकीतून जाईल आणि मी मोजेन. निबंध गेल्या आठवड्यातच नियतकालिकाकडे गेला. तो मी थांबवायला हवा होता. थांबवला नाही, कारण दुसरं नाव माझं आहे.

आईला यातलं काही सांगू नका.

तुमची
भिंगरी


२७ नोव्हेंबर

चि. भावास,

अ. आ.

मी पत्रं लिहीत नाही हे तुला माहीत आहे. दिवसभर पेशंटचे तक्ते लिहून हात दुखतो. आज लिहिते आहे, कारण रागवायला दुसरा माणूस घरात नाही. तुझी भाची आहे, पण ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे.

ती रविवारी बॅग घेऊन आली. मी विचारलं की सुट्टी आहे का, तर म्हणाली की कायमची. मग तुकड्यातुकड्याने कळलं. हिने म्हणे सहा आठवडे गाळणीचं पाणी तपासलं. चौथ्या आठवड्यात सहापैकी दोन गाळण्यांतून जंतू यायला लागले, पाचव्यात चार आणि सहाव्यात सगळ्या. आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरतो आणि तिथेच त्यांची वसाहत होते. ही आपली वही घेऊन सरांकडे गेली. सरांनी वही उघडलीसुद्धा नाही. म्हणाले की तू गोष्टी लिहितेस, म्हणून तुला जिथे तिथे गोष्ट दिसते. विज्ञान ज्यांच्या डोक्यात मावत नाही त्यांनी साहित्याकडे वळावं, तिथे सगळ्यांना जागा असते. मग हिने नियतकालिकाला पत्र लिहून आपलं नाव काढून घ्या म्हणून कळवलं आणि कारणही दिलं. दुसऱ्या दिवशी सरांनी हिला लॅबची किल्ली मागितली.

आता तू सांग. चोवीस आणि एकवीस तुला दिसलं, ठीक आहे. तू ते पोटात ठेवू शकला नसतास? मी एकटीने ड्यूट्या करून या पोरीला इथवर आणली, आणि तू एका पोस्टाच्या तिकिटात तिचं वर्ष घालवलंस. लहानपणी तिच्या निबंधाच्या वह्या तपासायचास तेव्हाही ती रडायची आणि तू म्हणायचास की रडणं व्याकरणात बसत नाही. फार हुशार वाटायचं तुला.

तरीही एक सांगते. वॉर्डात औषधाची मात्रा चुकली तर ती वहीत लिहावी लागते, ज्याची चूक असेल त्याने. मी नोकरीत दोनदा लिहिली आहे. तिला मी हे सांगितलं नाही. मी रागात आहे, आणि राग एवढ्यात सोडायचा नाही.

ती म्हणते की आता लिहिणार नाही, गोष्टी नाहीत आणि दुसरंही काही नाही. काल तिने वह्या रद्दीत घातल्या. मीच इतकी वर्षं लिहू नको म्हणत होते, तर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वह्या मी काढून कपाटात ठेवल्या आहेत. तिला पत्र लिही. चुका काढायच्या असल्या तर लिहू नकोस.

तुझी
ताई


४ डिसेंबर

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

ताईने चुका काढायच्या नाहीत अशी अट घातली आहे. ती मी मोडतो आहे.

तू लिहिणं सोडलंस म्हणे, कारण तुझ्या लिहिण्याने खोटं गुळगुळीत केलं. भिंगरे, शास्त्र शिकलीस ना? मग कारण आणि परिणाम तरी नीट लाव. खोटं कोणी केलं? ज्याने तीन ओळी लिहिल्या नाहीत त्याने. आणि खरं कोणी बाहेर काढलं? जिने सहा आठवड्यांचं सगळं लिहून ठेवलं तिने. न लिहिणाऱ्याचा गुन्हा लिहिण्यावर घालायचा आणि वर स्वतःला शिक्षा करून घ्यायची, याला पश्चात्ताप म्हणत नाहीत, नाटक म्हणतात. तुझ्या गोष्टीतली पात्रं असंच काहीतरी करायची तेव्हा मी समासात काय लिहायचो ते तुला आठवत असेल.

तुझ्या त्या सरांबद्दल. ते म्हणाले की साहित्यात सगळ्यांना जागा असते. खरं आहे. त्यांनी येऊन बघावं, त्यांच्यासारखे ढिगाने आहेत. तीन प्रकरणं लिहायची, चौथं जमलं नाही की कथेतलं पात्र मारून टाकायचं. त्यांनी तीन नमुने मारले. धंदा एकच.

तुझा दोष मात्र आहे. निबंध गेला तेव्हा तू गप्प बसलीस, दुसरं नाव तुझं होतं म्हणून. ते तू स्वतः मला कळवलंस, म्हणून मी त्यावर पान खर्च करत नाही.

वर्ष गेलं याचं वाईट वाटतं. ते माझ्यामुळे गेलं, असं ताई म्हणते. तसं असेल तर तसं. मला पुन्हा चोवीस आणि एकवीस दिसले तर मी पुन्हा विचारेन.

त्या चार शाळांतली मुलं ते पाणी अजून पीत असतील. तू भिंतीकडे तोंड करून आहेस तोवर त्यांना हे सांगायला दुसरं कोणी नाही.

पत्राचं उत्तर नको. ऊठ.

तुझा
मामा


२१ मार्च

ती. मामास,

सा. न. वि. वि.

उत्तर नको म्हणालात, म्हणून साडेतीन महिने दिलं नाही. मोठ्यांचं ऐकावं.

तुमचं पत्र वाचून मला इतका संताप आला की मी उठून आंघोळ केली. आई म्हणाली की काहीतरी उपयोग झाला. दुसऱ्या दिवशी वही घेऊन शेजारच्या लॅबमधल्या मॅडमकडे गेले. त्या आपल्या गाईड व्हाव्यात असं कोणालाच वाटत नाही, कारण त्या बोलत नाहीत. त्यांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, मी समोर उभीच. दोन तासांनी म्हणाल्या की अक्षर चांगलं आहे, उद्या या, वर्ष पुन्हा धरावं लागेल. तेवढंच. मग मी बसायची परवानगी मागितली.

नियतकालिकाने सरांकडे चोवीस नमुन्यांची वही मागितली. सरांनी ‘अधिक अभ्यासासाठी’ म्हणून निबंध परत घेतला. आता जिन्यात भेटले की ते माझ्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघतात, जणू मी काहीतरी सांडलं आहे. टक्केवारीला दुसरीकडे नोकरी लागली, पगार चाळीस टक्के जास्त.

मॅडमनी पहिल्याच आठवड्यात त्या चार शाळांत निरोप धाडला की आमचं सांगणं येईपर्यंत पाणी उकळून द्या. मग खरं काम सुरू झालं. मी नव्या गाळण्या घेतल्या आणि दर आठवड्याला आतून ब्रशने घासून उकळत्या पाण्याने धुतल्या. आठ आठवडे झाले, एकीतूनही जंतू आलेले नाहीत. गाळणी वाईट नव्हतीच, मामा. तिला नुसतं धुवायला हवं होतं. ते तीन आकडे लपवले नसते तर हे दोन वर्षांपूर्वीच कळलं असतं.

आता शाळांसाठी पत्रक लिहायला सांगितलं आहे. अकरा वाक्यं आहेत. लिहायला मला निबंधाहून जास्त दिवस लागले. सोबत पाठवते. पेन बाहेर काढा.

कळावे. लोभ वसूल करायला आले आहे असं समजा.

तुमची
भिंगरी


१९ एप्रिल

ती. मामास,

सा. न. वि. वि.

पत्रक तुम्ही एक स्वल्पविराम घालून परत पाठवलंत, बाकी एकही खूण नाही. तो कागद मी दोन दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. मॅडमना दाखवला, आईला वाचून दाखवला. पत्रकं छापून शाळांत गेली आणि पाणी उकळणं थांबलं. जे पुढे सांगणार आहे त्याआधी हे सांगते, म्हणजे मी किती वर चढले होते ते तुम्हाला कळेल.

परवा चारही शाळांतून पाणी आणलं. तीन शाळांच्या प्लेट साफ निघाल्या. चौथ्या शाळेचे ठिपके मोजता येईनात.

मी तावातावाने त्या शाळेत गेले. तिथे पाणी भरायला एक बाई आहेत. वर्गांचे माठ, गाळणी, अंगण सगळं त्याच बघतात. गाळणीच्या वरच भिंतीवर माझं पत्रक चिकटवलेलं, कडेला मुलांनी काढलेलं एक मांजर. मी त्यांना विचारलं की हे तुम्हाला वाचता येत नाही का. मामा, मी हे असंच विचारलं, याच शब्दांत. त्यांनी पदराने हात पुसले आणि ओळीखाली बोट धरून सगळं पत्रक मोठ्याने वाचलं, सावकाश, एकही शब्द न चुकता. मधल्या सुट्टीची मुलं रांगेत उभी राहून ऐकत होती. चौथ्या वाक्यावर बोट थांबलं. ‘गाळणी नियमितपणे धुवावी.’

त्यांनी मला विचारलं की नियमितपणे म्हणजे कधी. त्या म्हणाल्या की मुख्याध्यापकही शाळेत नियमितपणे येतात, महिन्यातून दोनदा. त्यांचा जावईही नियमितपणे कामाला जातो, मनात आलं की. पाण्याची धार बारीक झाली की त्या गाळणी धुवायच्या, त्यांच्या हिशेबाने ते नियमितच होतं. धार अजून चांगली होती. शेवटचं धुऊन चार आठवडे झाले होते. इतर शाळांत बहुतेक कोणीतरी आपल्या मनाने आठवड्याचा अर्थ लावला, आमचं नशीब.

आठ आठवडे मी ‘दर सात दिवसांनी’ असं वहीत लिहिलं होतं. पत्रक लिहिताना मला ‘दर सात दिवसांनी’ रुक्ष वाटलं. ‘नियमितपणे’ वाक्यात छान बसत होतं. तेवढ्यासाठी तीनशे मुलं ते पाणी प्यायली. त्यातल्या अकरा जणांचं गेल्या आठवड्यात पोट बिघडलं होतं, असं हजेरीवरून समजलं. सगळी आता बरी आहेत. ते गाळणीमुळेच झालं की नाही, हे मला सिद्ध करता येणार नाही, आणि त्यात मला काही समाधानही नाही. प्रयोगाच्या वहीत मी ते लिहिलं आहे. पेनाने.

मग मी बाईंना विचारलं की तुम्ही असतात तर काय लिहिलं असतं. त्या म्हणाल्या की सोमवारी धुवा असं लिहा, कारण रविवारी शाळा बंद असते आणि पाणी भांड्यात तसंच साचून राहतं. हे माझ्या कोणत्याही प्लेटने मला सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या समोरच पत्रकावर खाडाखोड केली, ‘दर सोमवारी, शाळा भरण्याआधी’. त्यांनी ते पुन्हा वाचलं आणि मान हलवली. मॅडमना सांगितलं तेव्हा मॅडम म्हणाल्या की नव्या निबंधाच्या आभारात त्या बाईंचं नाव घाला. इतक्या महिन्यांत त्यांनी उच्चारलेलं हे सर्वांत लांब वाक्य.

तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तुम्ही प्रूफ बघितलंत, लिहिलं मी होतं.

कळावे. लोभाला पात्र आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमची
भिंगरी


२८ एप्रिल

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

तक्रार नाही म्हणतेस, हे तुझं चुकलं. करायला हवी होतीस.

‘गाळणी नियमितपणे धुवावी’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. उलटंही वाचलं. बाकीच्या दहा वाक्यांत मात्रा, वेलांट्या, आकडे सगळं बघितलं. या शब्दाखालून माझं बोट सरळ पुढे गेलं आणि पुढच्या वाक्यात एक स्वल्पविराम घालून मी स्वतःवर खूश झालो. शब्द शुद्ध होता ना. शुद्ध शब्दाला कोण अडवतो? चौतीस वर्षं मी असे किती सोडले असतील, याचा विचार करायला लागलो आणि थांबलो, कारण जेवण जाईना.

गेल्या आठवड्यात एका डॉक्टरांचं प्रथमोपचाराचं पुस्तक टेबलावर आलं. त्यात ‘वेळोवेळी’ नऊदा आहे, ‘योग्य प्रमाणात’ चौदा वेळा आणि ‘नियमितपणे’ अकरा वेळा. प्रत्येकाच्या शेजारी मी ‘कधी?’ आणि ‘किती?’ असं लिहून पाठवलं. डॉक्टर चिडून मालकांकडे गेले की तुमचा मुद्रितशोधक मर्यादा सोडतो. मालकांनी मला बोलावून समजावलं की आपलं काम अक्षरांचं आहे, अर्थाचं नाही. मी म्हटलं की बरोबर आहे, इतकी वर्षं मीही याच सबबीवर जगलो. पुस्तक अजून अडलेलं आहे.

तुझ्या पहिल्या गोष्टीवर मी एकसष्ट खुणा केल्या होत्या आणि जिथे मुलं आजारी पडू शकतात तिथे एकही केली नाही. याला हुशारी म्हणायचं की काय, ते ताईला विचार. ती तुला सांगेल, आणि ते मी ऐकून घेईन.

गोष्टी लिहायला पुन्हा सुरुवात केलीस की नाही, ते तू दोन्ही पत्रांत लिहिलं नाहीस. विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. विचारतो आहे. तुझ्या वह्या रद्दीत गेलेल्या नाहीत, ताईच्या कपाटात आहेत. हे तुला सांगू नकोस असं ती म्हणालेली नाही.

लिहिली असलीस तर मला एवढ्यात पाठवू नकोस. आधी त्या पाणी भरणाऱ्या बाईंना वाचून दाखव. त्यांना वेळ असेल तेव्हा जा, तुला असेल तेव्हा नको. त्या जिथे बोट ठेवून विचारतील तिथे थांब आणि उत्तर दे. उत्तर नसेल तर शोधून ये. आभाळ उदास झालं असं त्यांना चालत असेल तर माझी काही हरकत नाही.

मग मला पाठव. मी बहुधा पुन्हा शब्दच मोजेन, मला तेवढंच येतं.

लोभ असू दे, असं या खेपेला मी म्हणतो.

तुझा
मामा